गाडी गेली का, मामा?

पुण्यातलं ते जुनं नाट्यगृह पाडणार, असं काल पेपरात वाचलं आणि नाकात एकदम सुलेमानमामांच्या तोंडावरच्या रंगाचा, खोबरेल तेलाचा वास भरला.

मामा दौंडला कोळशाच्या इंजिनावर ड्रायव्हर आणि आम्हा रेल्वेवाल्यांच्या नाटकात सेनापती. मी तिकीटखिडकीवरचा क्लार्क, नाटकात प्रॉम्प्टर. आमचा हॉल रुळांना लागूनच होता. गाडी आली की नट बोलता बोलता थांबायचे आणि ती गेली की पुढचा शब्द उचलायचे.

स्पर्धेसाठी आम्ही त्या तेव्हाच्या नव्याकोऱ्या नाट्यगृहात गेलो. एवढे दिवे, एवढी मोठी बाल्कनी मी जन्मात पाहिली नव्हती. विंगेतून मी तेच बघत राहिलो. मामा अडले, माझ्याकडं वळले. मला वहीतली जागाच सापडेना. प्रेक्षकांतून टाळ्या सुरू झाल्या, नको तसल्या. शेवटी पडदा पाडावा लागला.

“काय झालं रं?” सगळ्यांनी मलाच विचारलं.

“मामा सवयीनं गाडीसाठी थांबले,” मी म्हणालो.

सगळे हसले. मामांनी माझ्याकडं पाहिलं. “व्हय, सवयच हाय ती,” एवढंच म्हणाले आणि मिशी उतरवली.

पुढं दौंडात पोरंसोरंसुद्धा विचारायची, “मामा, गाडी गेली का?” मामांनी पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. ते वारले तरी मी खरं सांगितलं नाही.

त्यांचं अडलेलं वाक्य मात्र मला आजही तोंडपाठ आहे: “महाराज, चूक माझी आहे.”