उत्तराचा रकाना

हनीफ गेल्याचा फोन त्याच्या बहिणीने, जुबेदाने केला. "मास्तर, भाई गेला. तुमी या," एवढंच ती बोलली. त्याला आता दीड महिना झाला. भोरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी तिथेच मास्तर झालो आणि तो विद्यापीठात आधुनिक रशियाचा इतिहास शिकवू लागला. भाटघरचा पोरगा आणि रशिया, म्हणून लोक हसत. तोही हसे. पण रशियातल्या खेडुतांनी सरकारकडे केलेले अर्ज त्याने तीस वर्षं वाचले. दर अर्जाचं एक कार्ड, आणि कार्डाच्या कोपऱ्यात एक रकाना : उत्तर. बहुतेक कार्डांवर 'नाही'. "थकायला होतं रे," म्हणायचा... आणि पुढचं कार्ड ओढायचा.

एका सुट्टीत त्याच्या अम्माने पेटीतून मोडीतला एक कागद काढला. तिच्या सासऱ्यांचा, भाटघरचं धरण बांधलं त्या वेळचा. हनीफने तो उलटसुलट करून परत दिला. मोडी त्याला येत नव्हती. अम्मा रागावली नाही. म्हणाली, "रशियाचं समदं वाचतुयास, आन् आपल्या घरचं न्हाई व्हय?" पुढल्या सुट्टीत शिकतो, असं त्याने सांगितलं. अशा कितीतरी सुट्ट्या गेल्या, मग अम्माच गेली. मला त्याचा तेव्हा राग आला होता, अजूनही थोडा आहे.

निवृत्तीनंतर तो भोरला आला आणि पहिलीतल्या पोरासारखा मोडी गिरवायला बसला. दोन वर्षांनी तो कागद त्याला वाचता आला. ती एका अर्जाची नक्कल निघाली. आजोबांनी लिहिलं होतं : गाव पाण्यात जाणार, आईची कबर वर हलवायला थोडी मुदत मिळावी. हनीफ मला घेऊन कब्रस्तानात गेला आणि अम्माच्या कबरीपाशी त्याने तो अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. "उशीर झाला, अम्मा," म्हणाला.

परवा जुबेदाने त्याचं टेबल आवरायला बोलावलं. वरच आजोबांच्या नावाचं कार्ड होतं. सगळं नीट भरलेलं, फक्त कोपरा कोरा.

"'न्हाई' लिवा, मास्तर," जुबेदा म्हणाली. "दरसाल धरान आटलं का पणजीच्या कबरीचा दगड तिथंच तळाला दिसतोय की."

मी पेन्सिल उचलली. जन्मभर 'नाही' लिहून दमलेल्या माणसाने एवढा एकच रकाना सोडला होता... पेन्सिल मी होती तिथे ठेवली.