दाजींच्या घोडीचं पोट

दाजींनी वरातींना भाड्याने द्यायला घोडी विकत घेतली आणि त्याच दिवशी ते जनावरांचे डॉक्टर झाले. कॉलेज नाही, परीक्षा नाही. लगाम हातात आला आणि विद्या थेट डोक्यात चढली. अंबरनाथ पूर्वेला ताईच्या घरामागची पत्र्याची शेड हे त्यांचं इस्पितळ. मी मेहुणा, म्हणजे हक्काचा प्रेक्षक. असला फुकटचा खेळ मी सहसा चुकवत नाही.

घोडी पांढरीशुभ्र, देखणी आणि कमालीची खादाड. उल्हासनगरच्या वरातींत तिच्या खादाडपणाला पुण्यकर्माचा मान मिळायचा. नवरदेव घोडीवर बसला की त्याच्या बहिणींनी तिला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ भरवायचा, हा शगुन. सख्खी बहीण एकच असली तरी चुलत, मामे, मावस आणि मानलेल्या अशा सगळ्या ताटं घेऊन हजर. प्रत्येकीला स्वतःचा व्हिडिओ हवा. तो बिघडला की पुन्हा एक ओंजळ.

मी एकदा म्हणालो, "दाजी, आवरा. पोट फुटेल तिचं."

"शगुनाला नाही म्हणू? मग पुढची वरात कोण देईल, तुझा बाप?"

"माझा बाप म्हणजे तुमचे सासरे, दाजी."

दाजींना एकदम लगामाचा चाप तपासावासा वाटला.

गेल्या हिवाळ्यात उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये अशीच एक दणदणीत वरात झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. मी पोचलो तेव्हा घोडी खुराने जमीन खरवडत होती, मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघत होती आणि सारखी आडवी पडून लोळू पाहत होती. आदल्या संध्याकाळपासून लीद टाकलेली नव्हती. मोठ्या डॉक्टरांचं, म्हणजे दाजींचं निदान तयार होतं: "गॅस धरलाय, बाकी काही नाही." त्यांनी हिंगाचं पाणी पाजलं होतं, वर सोडा पाजला होता.

ताईने मला दाराशी ओढलं. "पहाटे इंजेक्शनही दिलंय. मागे हिचा पाय मुरगळला होता तेव्हाचं उरलेलं, फ्रिजमध्ये अंड्यांशेजारी होतं. गुण येईना म्हणून परत एकदा दिलं. मी बदलापूरच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलंय."

डॉक्टरीणबाई स्कूटरवरून आल्या. दाजींच्या चेहऱ्यावर भाव असा की ऑपरेशन चालू असताना कुणी कंपाउंडर आत शिरलाय.

"काल काय खाल्लं हिने?"

"गवत, मॅडम. आणि स्वच्छ पाणी."

"बाकी काही?"

"आपल्याकडे शिस्त आहे."

"औषध, इंजेक्शन?"

"छे! डॉक्टरला विचारल्याशिवाय आपण हात लावत नाही," दाजी म्हणाले. हिंगाची डबी त्यांच्या खिशातून अर्धी बाहेर आली होती.

बाईंनी पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं. आतून आवाज फारसा येत नव्हता. "हिला फार दुखतंय. आधी दुखणं कमी करायचं इंजेक्शन देते," म्हणत त्यांनी औषध सिरिंजमध्ये ओढलं. दाजी पत्र्याकडे बघू लागले. घामाने निथळलेल्या घोडीने डोकं त्यांच्या छातीला टेकवलं. एरवी मी हा प्रवेश मिटक्या मारत पाहिला असता. तेव्हा मात्र मी ताईकडे पाहिलं.

"सांगताय, की मी सांगू?" ताई म्हणाली.

"थांबा, मॅडम!" दाजी ओरडले. "तसलंच दिलंय. दोनदा."

बाईंचा हात थांबला. "हे तिसरं गेलं असतं तर पोट राहिलं बाजूला, हिच्या किडन्या गेल्या असत्या. आता सगळं सांगा. काहीही लपवायचं नाही."

एकदा बांध फुटल्यावर दाजी कसले थांबतात! डाळ, गूळ, हिंग, सोडा, बर्फी, सगळं आलं.

"आणि नवरदेवाचा हार," ते खाली बघत म्हणाले.

"फुलांचा?"

"अर्धाच. दोऱ्यासकट."

बाईंनी हातातली सिरिंज ठेवून दिली. बॅगेतून दुसरं औषध काढलं, मग घोडीच्या नाकातून लांब नळी घालून पोटात पाणी आणि तेल सोडलं आणि तिला लोळू न देता हळूहळू फिरवायला सांगितलं. दाजी फिरवत राहिले. शेजारीपाजारी खुर्च्या घेऊन बसले. उन्हं कलताना घोडीने शेपटी उचलली आणि सगळी आळी श्वास रोखून बघू लागली. लीद पडली! टाळ्या वाजल्या. एका आजींनी तर हात जोडले. दाजी भर गर्दीत हुंदके देऊन रडले, आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, चेष्टा न करता त्यांना माझा रुमाल दिला.

त्यानंतर प्रत्येक लिदेचा फोटो बदलापूरला जाऊ लागला. सकाळचा, दुपारचा, कधी दोन बाजूंनी. शेवटी बाईंचा फोन आला. "घोडी बरी झाली आहे. फोटो पुरेत."

"मॅडम, काहीही लपवायचं नाही, असं तुम्हीच म्हणालात ना?" दाजी गंभीरपणे म्हणाले, आणि फोन ठेवून शेडकडे निघाले. घोडीने नुकतीच शेपटी उचलली होती.