पेचकसवाले काका

आमचे थोरले काका कुणाला भेटले की आधी नमस्कार करत नसत, आधी टोचून पाहत. इतर निवृत्त माणसं शर्टाच्या वरच्या खिशात पेन ठेवतात, तिथं काकांचा लाल मुठीचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, असे. नवं दार, नवं कपाट, नवी गाडी, काहीही कौतुकानं दाखवलं की तो बाहेर निघे. "बाहेरून सगळंच चमकते," ते म्हणत, "गंज आतून येते." माणसांत पेचकस खुपसता येत नाही, म्हणून तिथं ते जीभ वापरत.

फुलचूरला आमच्या गल्लीतल्या एका शिक्षकानं घर बांधलं. वास्तुशांतीला काकांनी पुढच्या दाराला पेचकस लावला, भुगा पडला. "वरून सागवान, आतून भुसा," काका सगळ्यांसमोर म्हणाले, "दार आणि मालक एकाच दुकानातून आणलेले दिसतात." माझ्या चुलत बहिणीला पाहायला आलेल्या मंडळींच्या गाडीच्या मडगार्डात त्यांना गंजावर थापलेली पुटी सापडली, आणि ते लग्न तिथंच मोडलं. ती गाडी अजून धावते. बहिणीचा नवरा, जो नंतर टोचून, पारखून आणला, तो मात्र फारसा चालत नाही. माझा एक लेख पेपरात छापून आला, तेव्हा काकांनी तो दोन बोटांत धरून उजेडासमोर पाहिला आणि परत दिला. "पत्रा पातळ आहे."

काका गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये मॅनेजर होते. मिल बंद पडली, मालकाची मुलं नागपूरला गेली, तरी काका स्वतःला मॅनेजरसाहेबच म्हणवून घेत. मिल पाडायला काढली तेव्हा मागच्या आवारात कोंड्याच्या ढिगाखाली एक गाडी निघाली. मालकाचे वडील शिकारीला जाताना मोटारीमागे जोडून न्यायचे ती दोन चाकांची खोली: आत पलंग, फडताळ, दोन्ही बाजूंना खिडक्या. काका ती ओढत घरी घेऊन आले. ते तिला 'कॅरव्हॅन' म्हणत. अख्खी गल्ली तिला 'डब्बा' म्हणे.

डब्बा वरून धड होता. पण ओल्या कोंड्यात कितीतरी पावसाळे काढल्यानं त्याची घमेली सडली होती. घमेली हा गाड्यांचे पत्रे सांधणाऱ्या मुन्ना डेंटरचा शब्द. चाक गाडीच्या पोटात शिरतं तिथं त्याच्यावर पालथ्या घमेल्यासारखा पत्रा असतो, म्हणून. एका घमेल्याच्या वरच नेमकी पलंगाची फळी होती. तिथं पाय ठेवला तर थेट चाकावर पडायचा.

खरं तर डब्बा अंगणात शोभेला उभा राहिला असता आणि काकांची हौस फिटली असती. पण काकीनं एक मागणी केली.

काकीचा मणका गेला होता. तिला बसता येत नसे. पडून राहायचं, आणि कूस बदलायची तीही दुसऱ्यानं. तिचं माहेर सालेकशाच्या पुढं, जंगलाला लागून. मोहाची फुलं पडतात त्या दिवसांत एकदा तिकडं जायचं, एवढंच तिचं मागणं होतं. डॉक्टरनं पुढच्या वर्षाबद्दल बोलणं टाळलं होतं, आणि न बोललेलं काकीला चांगलं ऐकू येई. आम्ही ॲम्ब्युलन्सचं सुचवलं.

"अम्बुलन्समधी मी माहेरी नाही जात," काकी म्हणाली. "गावच्या बाया दुरूनच रडाले बसतील. मंग मले उठून सांगा लागल, का बायांनो, अजून आहो मी."

"तुझी चेसिसच गेली," काका म्हणाले. "कुठं जातेस?"

"चेसिस गेली ना माही? अन् तुमचं इंजिन कधी होतं जी?"

काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी डब्बा मुन्नाच्या गॅरेजात गेला.

काकीशी ते असंच बोलत, आणि तिचं सगळं तेच करत. कूस बदलणं, अंग पुसणं, भांडं देणं, वेणी घालणं. बाई ठेवू म्हटलं तर म्हणत, "बाई फेकते. मी ठेवतो." एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, आणि तोंडानं शिव्या. काकी त्यांच्या हातांवर डोळे मिटून पडून राही. शिव्यांना तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षातच कान मिटले होते.

मुन्नानं पहिल्यांदा घमेली दाखवायला बोलावलं ते रंग मारूनच. "मस्त काम झालं साहेब. दस साल देखना नही पडेगा." काकांचा पेचकस मुठीपर्यंत आत गेला आणि पुटीबरोबर वर्तमानपत्राचा ओला बोळा बाहेर आला. काकांनी तो सावकाश उलगडला. गॅरेजात गिऱ्हाइकं उभी होती. "हा मागच्या हप्त्याचा पेपर आहे," त्यांनी मोठ्यानं सांगितलं. "यातली बातमीसुद्धा तुझ्या कामापेक्षा जास्त टिकली."

दुसऱ्यांदा पत्रा खरा होता, पण मुन्नानं वेल्डिंगचे नुसते टाके मारले होते, जोड उघडेच होते. काकांनी खालून नळी लावली, पाणी पलंगाच्या जागी आलं. "माझी बायको झोपणार आहे इथं. मासोळ्या नाही पाळायच्या." मग मुन्नाचं वेल्डिंग, मुन्नाचा बाप आणि मुन्नाची अक्कल यांची जाहीर तपासणी झाली. मुन्नानं ऐकून घेतलं आणि काम ठेवून दिलं. पुढं दररोज 'कल करता हूं'.

इकडं काकी खिडकीकडं तोंड करून पडलेली. "मोह पडाले लागले असतील आता."

"पडू दे," काका म्हणत. "झाडाले दुसरा धंदा काय आहे?" आणि चप्पल घालून पुन्हा गॅरेजात जात.

तिसऱ्यांदा काकांनी घमेली स्वतः उभं राहून करून घेतली. जाड पत्रा, सलग वेल्डिंग, वर डांबराचा हात. पेचकस कुठंच शिरला नाही. दरम्यान त्यांनी टायरवर पांढरे गोल पट्टे रंगवून घेतले होते; शिकारीच्या जुन्या फोटोत तसे होते म्हणे. ते मळू नयेत म्हणून डब्बा शेवटपर्यंत जॅकवरच ठेवला आणि घमेल्यांचं माप तसंच अधांतरी घेतलं. मुन्ना चहा पीत बघत होता.

निघायच्या दिवशी काकांनी सफारी घातला, डब्ब्याला हार घातला, नारळ फोडला. सासरवाडीला द्यायला तांदळाची पोती आत चढवली, पाण्याची टाकी भरली. आपण रिकाम्या हातानं आलो असं कुणी म्हणायला नको. स्वतः डब्बा ओढणाऱ्या जीपमध्ये पुढं बसले. डब्ब्यात काकीजवळ मी. आमगाव सुटलं तसा वास यायला लागला.

"काहीतरी जळून राहिलं बाबू," काकी म्हणाली.

मी फोन लावला. "नव्या रंगाचा वास आहे," काका म्हणाले. "तुझ्या काकीले सांग, नाक बंद करून झोप."

सालेकशाच्या पुढं, जंगलात रस्ता चढतो तिथं काकीच्या पलंगाखालचा टायर फुटला. जॅकवर चाक खाली लोंबतं, तेव्हा टायर आणि घमेल्यामध्ये हात सहज जातो. भार आला की चाक वर चढतं. आमचं चाक सगळा रस्ता त्या जाड, सलग, कुठंही न टोचल्या जाणाऱ्या पत्र्याला घासत आलं होतं. काकांनी फोनवर मुन्नाला धरलं.

"मालूम था तेरे को?"

"मालूम था साहेब." फोन स्पीकरवर होता, आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "बोलना छोड दिया था. बोला तो तुम टोचते."

त्या मापाचा टायर आता कुठंच मिळत नव्हता. काकीचा भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॉलीत तणस होती. आम्ही चौघांनी काकीला उचलून त्या पेंढ्यावर ठेवलं. "डब्ब्यापेक्षा इथं हवा बरी आहे," ती म्हणाली.

काका रस्त्यावरच उभे. "गाडी सोडून कसा येऊ? लोक पत्रा काढून नेतील."

काकीनं त्यांच्याकडं बघितलं. "ऱ्हा मंग तिच्याचजवळ. तिची कूस बदलून देजा."

ट्रॅक्टर निघाला. काका हार घातलेल्या डब्ब्याशेजारी लहान होत गेले.

मोह संपत आले होते. पण भावानं बांधावरचं एक झाड बहिणीसाठी न वेचता ठेवलं होतं. सकाळी तिची खाट त्याच्याखाली नेली. फुलं तिच्या अंगावर पडत होती. एक तिनं तोंडात टाकलं आणि म्हणाली, "तुहे काका आले असते, तं झाडाले टोचून पाह्यलं असतं." नंतर थोड्या वेळानं, "आले का जी ते?" आले नव्हते. डब्बा ट्रकवर घालून ते फुलचूरला गेले होते. परत आणताना तरी तिला नीट आणू, असा त्यांचा निरोप होता.

परत आणायची वेळ आली नाही. तिथंच, चार-सहा दिवसांत, काकी गेली. काका रेल्वेनं सालेकशाला उतरून आले तेव्हा चिता रचून झाली होती. सवयीनं त्यांचा हात खिशाकडं गेला आणि रिकामा खाली आला.

काकांना जाऊन आता वर्ष होईल. पेचकस माझ्याकडं आहे. मी तो कशालाच लावत नाही. मला त्यांचं शेवटचं आठवतं ते काकीच्या तेरवीनंतरचं. मुन्नाला त्यांनी घरीच बोलावलं. कुठल्याशा भंगारातून मिळवलेल्या टायरवर डब्बा जमिनीला टेकवून उभा होता. घमेली पुन्हा कापायची होती, या वेळी भार चढवून माप घेऊन.

"अब किस के लिये, साहेब?" मुन्नानं विचारलं. काकांनी त्याला शिवी दिली नाही. टाकी भरली, पोती ठेवली. मग तांदळाचं आणखी एक पोतं मागवलं आणि एक हात वर, एक खाली घालून उचललं.

"जास्त आहे. काढ थोडे."

मुन्नानं ओंजळीनं तांदूळ काढले. काकांनी पुन्हा उचललं. "अजून काढ. इतकी नव्हती ती."

मुन्ना काढत गेला, काका उचलत गेले. असं बराच वेळ चाललं. शेवटी ते पोतं घेऊन डब्ब्यात चढले, ते पलंगावर ठेवलं, आणि खिडकीच्या बाजूला कुशीवर केलं.

"हं," ते आतून म्हणाले. "आता मोज."