गळाची मासळी

कालव्याचं पाणी बंद झालं की चारीच्या डबक्यांत बारीक मासळी अडकायची. पातेल्यात भाकरी चुरायची, त्याच्या तोंडाला भोक पाडलेलं फडकं बांधून ते डबक्यात बुडवायचं आणि चिखलात वाट बघायची. चार दिवसांत बरणीभर जमली. रविवारी उजनी धरणावर गळाला लावायला म्हणून मीठ लावून ठेवली.

शुक्रवारी ताटात लसणाचं तिखट लावून परतलेली मासळी आली. मला वाटलं, बाजारातली. दोनदा मागून घेतली. हात धुताना मोरीत धुतलेली बरणी दिसली आणि माझं डोकंच फिरलं.

"वहिनी, ती गळाला लावायची हुती!"

"मीठ लावून ठिवलेली मासळी खायची न्हाय तर काय पुजायची, भाऊजी?"

रविवारी गळाला कणीक लावून दिवसभर उन्हात बसलो. रिकाम्या हातानं परतलो. वहिनीनं पिशवी चाचपली.

"बघा, परवा खाल्ली तेच बरं केलं."