चार मिनिटांचं चाक

पुलाआधीचं शेवटचं दुकान पंक्चरवाल्याचं. गावाने त्याचं नाव मौनी पाडलं होतं, कारण "पूल चालू आहे का हो?" एवढं विचारलं की त्याची दातखीळ बसायची.

पूर्वी तो सांगायचा. नदीच्या पायऱ्या वरून मोजायच्या, चार कोरड्या दिसल्या की "खुशाल जा." नऊ वर्षांपूर्वी दुरुस्तीत वर एक नवी पायरी चढली. आता पाच कोरड्या हव्या होत्या; त्याने सवयीने चारच मोजल्या आणि सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला टेंपोसकट पुलावर धाडलं. टेंपो सापडला. बहीण आता त्याच्याच घरी राहते, दोन वेळा ताट वाढते, बोलत मात्र नाही.

पावसाचा तिसरा दिवस. दुपारी एक गाडी खुरडत दुकानाशी थांबली. चाक बसलेलं, स्टेपनीतही हवा नाही. मागच्या सीटवर म्हातारे वडील छाती चोळत होते.

"दादा, जरा लवकर. बाबांना पलीकडच्या इस्पितळात न्यायचंय. पूल चालू आहे ना?" मुलगा म्हणाला.

मौनीने पायऱ्यांकडे पाहिलं. तीन कोरड्या. सांगायला तोंड उघडलं, ते तसंच मिटून जॅक लावला. त्याने मुकाट्याने चाक काढलं. खिळा पहिल्याच नजरेला दिसला होता, तरी तो टायरभर साबणाचं पाणी फिरवत बसला. यांना अडकवून ठेवायचं, बस.

"अरे, हा पंक्चर काढतोय की टायरला न्हाऊमाखू घालतोय?" म्हातारा आतून म्हणाला आणि स्वतःच हसला. मग खोकला.

तासाभरात पाणी पुलावरून वाहू लागलं.

"बापरे! थोडक्यात वाचलो," मुलगा पुटपुटला. "दुसरा रस्ता आहे?"

"धरणावरून. दीड तास," मौनी म्हणाला.

मौनीचे हात आता भराभर चालले. खिळा उपटला, भोक बुजवलं, हवा भरली, चाक चढवलं. मुलाने घड्याळ पाहिलं.

"चार मिनिटं? मग तासभर काय करत होतात?"

"पूल पाण्याखाली जाणार, दिसत होतं मला."

"मग तोंडाने सांगायचं ना! तेव्हाच धरणाकडून सुटलो असतो."

मागे म्हाताऱ्याचं डोकं काचेला टेकलं होतं. मुलाने दोनदा "बाबा" म्हटलं. आतून काही आलं नाही. गाडी तशीच वळवून तो निघाला.

थोड्या वेळाने दुसरी गाडी दिसली. मौनी भर पावसात, हात पसरून रस्त्यात धावला.

"थांबा! पूल गेलाय!"

ड्रायव्हरने काच खाली केली.

"अहो काका, ते दिसतंयच की."