हिरव्या जाळीपलीकडची हाक

आधीच सांगून टाकते – भुतंखेतं, बाधा, नजर यातलं मी काहीही मानत नाही. म्हणजे मानत नव्हते... आता नक्की काय मानते ते माझं मलाच कळत नाही. शिरूरच्या आमच्या घराचा गृहप्रवेश आम्ही चक्क अमावास्येला केला होता, कारण नवऱ्याला सुट्टी तेव्हाच मिळत होती. सासरची मंडळी वर्षभर बोलत होती, आम्ही हसण्यावारी नेत होतो. म्हणून हे लिहायला बसताना थोडं ओशाळल्यासारखं होतंय. पण जे झालं ते भर दुपारी झालं, आणि ऐकणारी मी एकटी नव्हते.

माझं काम थोडक्यात सांगते. रांजणगावच्या एमआयडीसीत बाहेरच्या देशांतून इंजिनिअर, मॅनेजर येतात. त्यांच्या कुटुंबासाठी घर बघायचं, मुलांच्या शाळेचं जमवायचं, डॉक्टर, कामवाल्या मावशी, सगळं लावून द्यायचं. बहुतेक सगळे खराडीलाच जातात. तिथं मोठ्या सोसायट्या आहेत, इंटरनॅशनल शाळा आहेत, आपल्या देशातली चार माणसं भेटतात. फक्त नगर रोडच्या ट्रॅफिकमुळे बाप सकाळी निघतो तेव्हा मुलं झोपलेली, आणि परत येतो तेव्हाही झोपलेली.

मागच्या उन्हाळ्यात एक कोरियन कुटुंब आलं. आई मिनजी, चौथीतली मुलगी हाना आणि तिच्याहून लहान भाऊ जून. मिनजीनं पहिल्याच भेटीत मला सांगितलं, "सोलमध्ये मुलांना त्यांचे बाबा फक्त रविवारी दिसायचे. इथं मला ते नकोय. प्लँटच्या जवळ घर दे."

मी तिला खराडी दाखवली, वाघोली दाखवली. पाबळच्या बाजूचंही एक घर बघून झालं. ती फक्त नको म्हणून मान हलवायची. शेवटी शिरूरच्या बाहेर, घोड नदीच्या अंगाला एक नवा बंगला मला कळला. शाळेची बस दारापर्यंत यायची, प्लँट अर्ध्या तासावर. मालक आप्पा, गावातले बागायतदार. मुलगा-सून पुण्यात असतात, म्हणून त्यांनी बंगला भाड्यानं द्यायचं ठरवलं होतं. बांधल्यापासून त्यात कुणी राहिलंच नव्हतं. आधी तिथं कांद्याचं रान होतं. वाडा नाही, विहीर नाही, कुणाचा अपघात नाही... एरवी मी हे विचारत नाही, पण नंतर सगळ्यांना विचारून खात्री करून घेतली.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. मुलं म्हणाली आम्ही गाडीतच बसतो. गाडी गेटसमोर, एसी चालू, ड्रायव्हर सलीमभाई पुढे बसलेले. आप्पा गेटजवळच्या पारिजातकाखाली खुर्ची टाकून बसले.

"बघा ताई निवांत. माझं काय काम न्हाई आत," ते म्हणाले.

मिनजीला घर आवडलं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. तिनं नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला आणि किचन दाखवायला लागली. मी सिंकचा नळ सोडून पाण्याचं प्रेशर बघत होते.

तेवढ्यात वरून हाक आली.

"आई..."

माझा हात नळावरच राहिला. तो माझ्या ईश्वरीचा आवाज होता. तिला टॉन्सिल्सचा त्रास आहे, त्यामुळे ती जरा नाकातून बोलते. 'आई' म्हणताना 'ई' लांबवते. तोच आवाज, तसाच. आणि ईश्वरी त्या दिवशी वरवंडला होती, माझ्या भावाकडे. सुट्टी लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तिला सोडून आले होते.

मला वाटलं, भास. उन्हातून आलेय, पाणी प्यायला हवं. पण मिनजीनं मान वर केली, "हाना?" म्हणाली, आणि जिन्याकडे पळाली.

मी तिच्या मागे. वरच्या दोन्ही खोल्या रिकाम्या. नव्या रंगाचा वास, खिडक्या बंद. परत हाक आली, आता गच्चीवरून. या वेळी आवाज रडवेला होता. मिनजी कोरियनमध्ये काहीतरी ओरडत गच्चीच्या दाराशी पोचली, कडी काढली आणि बाहेर धावली.

कडी आतून लावलेली होती. हे मला त्या क्षणी दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही. आतून कडी असताना कुठलं मूल गच्चीवर जाईल?

गच्चीवर ऊन डोळ्यांत घुसलं. तीन बाजूंना कठडा होता. चौथ्या, मागच्या बाजूला आप्पांना पुढे आणखी स्लॅब टाकायचा होता म्हणून कठडा बांधलेलाच नव्हता. नुसत्या सळयांना बांधकामाची हिरवी जाळी बांधलेली. लांबून बघितलं तर भिंतच वाटावी. आणि आवाज येत होता त्या जाळीच्या पलीकडून.

"आई... मी इथं आहे..."

मला माहीत होतं पलीकडे काही नाही. मला हेही माहीत होतं की माझी मुलगी वरवंडला आहे. तरी माझे पाय जाळीकडे निघाले होते. हे मी आजवर नवऱ्यालासुद्धा नीट सांगू शकलेले नाही. कळत होतं, आणि तरी पाय जात होते.

मिनजी माझ्यापुढे होती. तिनं जाळी एका हातानं वर उचलली, आणि तिच्या पावलाखालून मला खालचं दिसलं – शेजारच्या प्लॉटचं फाउंडेशन, वर आलेल्या सळया. तेव्हा मी भानावर आले. तिच्या पर्सचा पट्टा धरला आणि सगळा जोर लावून मागे ओढलं. ती किंचाळली. मला तिनं नखांनी ओरबाडलं, ढकललं. तिचा मोबाईल हातातून निसटून खाली गेला. ती "हाना, हाना" करत परत पुढे झेपावत होती, आणि मी तिच्या कमरेला मिठी मारून खाली बसले होते. माझ्या कानात माझीच मुलगी रडत होती आणि मी दुसऱ्याच मुलीच्या आईला धरून बसले होते.

आणि मग समोरच्या बाजूनं, रस्त्यावरून, मोठ्यानं आवाज आला.

"ओम्मा!"

कोरियनमध्ये आईला ओम्मा म्हणतात. आम्ही दोघी समोरच्या कठड्याशी धावलो. हाना गाडीची काच खाली करून, अर्धी बाहेर वाकून गच्चीकडे बघत होती. आईचा आरडाओरडा ऐकून घाबरली होती बिचारी. मिनजीनं तिला पाहिलं आणि तिचं अंग एकदम सैल पडलं.

जाळीमागचा आवाज त्याच क्षणी थांबला. कमी कमी होत नाही. कुणीतरी तोंड मिटावं तसा.

आम्ही जिना कसा उतरलो आठवत नाही. आप्पा गेटातून आत येत होते.

"काय झालं ओ ताई? बाई का वरडत हुत्या?"

"आप्पा, वर कुणाचा आवाज आला तुम्हाला? पोरीचा?"

"न्हाई बा. मी तर हितंच बसल्यालो. पोरं गाडीत हायती की. ह्यांनी मला मगाशी टाटा बी केला." मागोमाग आलेल्या सलीमभाईंनीही सांगितलं, मुलं जागची हलली नाहीत, मोबाईलवर कार्टून बघत होती.

मी भावाला फोन लावला. "हाय की, आंबा खातीय माझ्यासमोर. का गं?" तो म्हणाला. सहजच, म्हटलं मी. फोन ठेवला आणि लगेच वाजला. मिनजीचे मिस्टर होते, प्लँटमधून. कॉल तुटला म्हणून घाबरले असतील असं वाटून मी सांगू लागले की सगळे ठीक आहेत. त्यांनी मला मधेच तोडलं.

"माझी आई तिथं कशी आली?"

कुणाची आई, मी विचारलं. ते परत म्हणाले, "कॉलवर मी माझ्या आईचा आवाज ऐकला. ती मला नावानं हाक मारत होती. रडत होती."

त्यांची आई कोरियात असते. त्यांनी लगेच तिकडे फोन केला. ती घरी होती, धडधाकट. रात्रीच्या जेवणाची भाजी निवडत बसली होती.

मिनजीला मी नंतर हॉटेलवर भेटायला गेले. तिनं माझ्या हातावरच्या ओरखड्यांना स्वतः मलम लावलं.  मग तिनं विचारलं, "तू काय ऐकलंस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मी हानाला ऐकलं. ती म्हणत होती, ओम्मा, मी पडतेय, पकड."

मला वाटलं होतं ते लोक आता खराडीला जातील, कदाचित देशही सोडतील. पण तिनं शिरूर सोडलं नाही. बाजारपेठेतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. खाली भांड्यांचं दुकान, समोर रसवंती, दिवसभर हॉर्न. मी म्हटलं, मुलांना अभ्यासाला त्रास होईल. तर म्हणाली, "मला खूप माणसांचे आवाज हवेत. खरे." मुलांचे बाबा आता रोज त्यांच्याबरोबर जेवायला असतात. हाना चांगली रमलीय, रसवंतीवाल्याशी मराठीत भांडते.

मी माझ्या परीनं खूप शोधलं. आसपास शाळा नाही, अंगणवाडी नाही. नदीवरून आवाज घुमतो म्हणावं, तर तिघांना तीन वेगळ्या माणसांचा, तोही दोन भाषांत, कसा घुमेल? ओळखीच्या एक डॉक्टर आहेत, त्या म्हणाल्या ऊन आणि ताण. दोघींचं एकवेळ मान्य करते. पण प्लँटमध्ये एसीत बसलेल्या माणसाला कुठलं ऊन लागलं?  घरात ईश्वरीनं दुसऱ्या खोलीतून हाक मारली की मी 'ओ' देत नाही. आधी जाऊन तिला बघते. ती वैतागते.

दिवाळीच्या आसपास आप्पांचा फोन आला. बंगला भाड्यानं द्यायचा विचार सोडला, म्हणाले. गच्चीच्या मागच्या बाजूला भिंत बांधून घेतली, पुरुषभर उंचीची. आणि वर जायचं दारही विटांनी बुजवून टाकलं.

"दार कशाला बुजवलंत आप्पा?"

"आसंच. कोन जातंय वर."

मला राहवलं नाही. "आप्पा, खरं सांगा. तुम्हाला कुणाची हाक आली?"

 ते एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई," आणि फोन ठेवला.