सुनेचा झटका मी लपवला

माझी सून दोंडाईच्याकडची, बोलायला गोड, कामाला वाघीण. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं डोकं उजव्या बाजूनंच दुखायचं. ती म्हणायची, "आत्याबाई, कानमा गिरणी चालस." कानात सारखी घरघर म्हणे. मी म्हणायची, आधाशिशी आहे, दुसरं काय? सूर्य उगवायच्या आत तिला दूध-जिलेबी खाऊ घालायची. धुळ्यात आमच्या देवपुरातल्या गल्लीत आधाशिशीला माझाच सल्ला चालायचा, मग घरात मी कोणाचं ऐकणार?

एका सकाळी कळण्याच्या भाकरीचं पीठ मळता मळता तिचा डावा हात ताठ झाला, झटके देऊ लागला, आणि ती परातीवरच आडवी झाली. मिनिटभरच. मी नाकाशी कांदा धरला. ती उठली आणि विचारते कशी, "भाकरी कोण थापणार आता?"

त्याच आठवड्यात माझ्या मुलीला बघायला सोनगीरहून पाहुणे यायचे होते. घरात मिरगी आहे असं एकदा गावाला कळलं, की ती सुनेला आहे की मुलीला हे कोणी विचारत नाही. मी सुनेला म्हटलं, "चक्कर आली, एवढंच. कोणाला सांगायचं नाही." मुलगा ड्युटीवर होता. त्यालाही सांगितलं नाही.

डोकेदुखी वाढली तेव्हा डॉक्टरांकडे मीच तिच्यासोबत गेले. त्यांनी सरळ विचारलं, "कधी झटका, बेशुद्धी?" तिनं तोंड उघडलं. मी तिच्याकडे पाहिलं, आणि डॉक्टरांना म्हणाले, "छे हो, आधाशिशी आहे." कानातल्या गिरणीचंही राहूनच गेलं. गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो.

मुलीचं लग्न छान झालं. वर्षभरानं सून गच्चीवर कपडे वाळत घालताना डोकं धरून खाली बसली, उलटी केली आणि बोलेनाशी झाली. धुळ्यातच स्कॅन केला तर मेंदूत रक्तस्राव. तिथून नाशिक.

तिथल्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. मला समजलं ते असं: पाटाचं पाणी बारीक चाऱ्यांमधून हळूहळू वाफ्यात जायला हवं. हिच्या मेंदूत एका जागी चाऱ्याच नाहीत, जन्मापासूनच. हृदयाकडून येणाऱ्या रोहिणीचं रक्त तसंच जोरानं शिरेत घुसतं, शिरा फुगतात, एखादी फुटते. अशी माणसं कमीच सापडतात म्हणे. आता जांघेतून बारीक नळी थेट डोक्यापर्यंत न्यायची आणि त्या गुंत्यात औषधी गोंद भरायचा.

मग ते माझ्या मुलाला म्हणाले, "यांना आधी कधी झटका आला होता?"

"नाही," तो म्हणाला. बिचाऱ्याला काय माहीत.

सून डोळे मिटून पडलेली. मी म्हटलं, "आला होता. मीच लपवला."

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. डॉक्टर रागावले नाहीत, तेच जड गेलं. "तेव्हा कळलं असतं तर तेव्हाच स्कॅन केला असता," एवढंच बोलले, आणि लिहून घेतलं.

गोंद दोनदा भरला. पहिल्या वेळेनंतर तिला पाय सरळ ठेवून निजायला सांगितलं होतं. मी चमच्यानं पेज भरवत होते. जीभ अजून जड होती तिची, तरी म्हणते, "पापडांच्या दिवसांत इतकं लोळू दिलं असतं का तुम्ही?" मी हसले. ती हसली नाही.

"तुम्ही डॉक्टरांना सांगितलं ते ऐकलं मी," ती म्हणाली. "पण त्या दिवशी तोंड मलापण होतं. मी का नाही बोलले?"

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी चूक ती स्वतःच्या पदरात घेत होती.

"मी पाहिलं ना तुझ्याकडे," मी म्हटलं.

ती म्हणाली, "हो. पाहिलं होतं तुम्ही."

डावा हात उचलला जात नव्हता, तरी उजव्या हातानं तिनं चमचा माझ्याकडून घेतला आणि उरलेली पेज सांडत सांडत स्वतःच खाल्ली.